घर पाहावं दुरुस्त करून : ओतण्याआधीची कामं



मागच्या अंकातला बेसमेंटमधल्या पाण्याचा लेख वाचून बऱ्याच जणांचे फोन आले. त्यातला एक मंडळातल्या एका तरुण गृहस्थांचा. घर न्यू जर्सीतलं, १९६४ सालचं बाय-लेव्हल. खालची खोली जमिनीलगत, शेजारी छोटी बाथरूम, गराजमधून थेट आत येता येतं. "काका, बाबा मार्चमध्ये येताहेत, या वेळी राहायलाच. गुडघ्यांमुळे जिने नकोत, म्हणून खालची खोली त्यांना द्यायची. कार्पेट काढलं तर जमीन मधोमध बसलेली निघाली. सेल्फ-लेव्हलरच्या दहा बॅगा आणून ठेवल्यात. शनिवारी सकाळी ओतला की दुपारपर्यंत होईल ना? रविवारी वर फ्लोअरिंग टाकतो."

मी विचारलं, "प्रायमर आणलाय?"

"प्रायमर रंगाला लागतो ना काका? व्हिडिओत तर नुसतं ओतताना दाखवलंय."

बॅगा फोडू नका एवढं सांगितलं आणि गाडी काढली.

ही घाई माझ्या फार ओळखीची, कारण १९९७ साली मी हेच केलं होतं. आधी ती कथा सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल.

वडील गेल्यावर आई इकडे आली. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर घेऊन चालायची. आमचंही घर बाय-लेव्हलच, आणि खालच्या खोलीचा कोबा मधे पाऊण इंच खाली गेलेला. (आपल्याकडे स्लॅब म्हटलं की डोक्यावरचा, इथं स्लॅब म्हणजे पायाखालचाही. घोटाळा नको म्हणून मी आपला कोबा म्हणतो.) मी इंजिनिअर खरा, पण विजेचा. गवंडीकाम पाहिलेलं ते लहानपणी सांगलीला, घरी शहाबादी फरशी बसवताना. गवंडी सकाळी खालचा कोबा झाडायचा, त्यावर बादलीनं पाणी मारायचा, सिमेंटची पातळ रबडी ओतायचा आणि वर माल पसरून फरशी ठोकायचा. तेच डोक्यात. मीही कोबा झाडला, बादलीभर पाणी मारलं, वरवर पुसलं आणि लेव्हलर ओतला. अर्ध्या तासात जमीन आरशासारखी झाली. शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. आठवड्यानं वर व्हिनाइलच्या फरश्या चिकटवल्या.

फेब्रुवारीत एका जागी वॉकर टेकला की खालून 'कट्' असा आवाज येऊ लागला. मग एका फरशीचा कोपरा उचलला गेला, आणि एके दिवशी वॉकरचं पुढचं चाक त्यात अडकून आई पडली. नशिबानं पलंगावर कलंडली, मनगट मुरगळण्यावर निभावलं. मी ती फरशी उचकटली. खाली लेव्हलरच्या खापऱ्या झालेल्या. एक खापरी उलटी करून पाहिली, तर तिच्या पाठीला करड्या भुकटीचा थर, बोटानं पुसला जाणारा. म्हणजे माझा लेव्हलर कोब्याला चिकटलाच नव्हता, कोब्यावरच्या भुकटीला चिकटला होता. सगळं फोडून पुन्हा केलं, आणि ती जमीन आजही शाबूत आहे. पण आई त्यानंतर खोलीच्या मधून कधी चालली नाही. भिंतीला हात लावून कडेकडेनंच जायची.

यात सांगलीच्या गवंड्याची काहीच चूक नव्हती. त्याचा माल दोन इंच जाडीचा. खालच्या कोब्यानं थोडं पाणी ओढलं तरी त्याच्या पोटात पुरेसं शिल्लक राहायचं, आणि फरशीचं वजन वरून होतंच. लेव्हलरची जात वेगळी. सिमेंट, बारीक वाळू आणि पॉलिमर यांचं ते मिश्रण, डोशाच्या पिठाइतकं सैल, आणि थर कुठं पाव इंच तर कुठं नुसता अष्टमांश. त्यात पाणी अगदी मोजून घातलेलं असतं. कोरड्या कोब्यावर तो ओतला की कोबा स्पंजासारखं पाणी पितो. मग लेव्हलर पुरता पसरायच्या आत घट्ट होतो, आणि नेमकं जिथं चिकटायचं तिथंच सिमेंटला पिकायला पाणी उरत नाही. शिवाय कोब्याच्या भोकांत पाणी शिरलं की तिथली हवा बाहेर पडते. ती बुडबुड्यांनी वर येते आणि जमिनीवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं राहतात. उलट माझ्यासारखी पाण्यानं थबथबलेली जमीन असली तर भोकं आधीच पाण्यानं भरलेली. लेव्हलरला धरायला जागा नाही, आणि तळाशी पाणी जास्त झाल्यानं तो थर कच्चा. सुकताना लेव्हलर थोडा आक्रसतो, कडांना वर ओढ बसते. धरून ठेवणारं खाली काही नसलं की तो सुटतो.

प्रायमर या दोन्हींच्या मधला मार्ग. भोकांत शिरून तो त्यांची तोंडं बंद करतो आणि वर चिकट, पातळ पापुद्रा ठेवतो. पण तोही भुकटीवर लावला तर भुकटीलाच चिकटणार. म्हणून प्रायमरच्या आधीचं काम मोठं.

त्या शनिवारी आम्ही पहिल्यांदा दहा फुटांची सरळ पट्टी आणि पाणसळ घेऊन जमीन मोजली. सपाट आणि समतल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फळीसारखं जोडायचं फ्लोअरिंग टाकणार असाल तर साधारण दहा फुटांत तीन-सोळांश इंचापेक्षा जास्त खाचखळगा नको, एवढंच बहुतेक कंपन्या मागतात. मोठ्या टाइल्सना त्याहून काटेकोर, दहा फुटांत अष्टमांश. जमीन एका बाजूला किंचित कलती असली तरी सपाट असेल तर चालते. कधी कधी तो कल मुद्दाम दिलेला ढाळ असतो. यांच्या बॉयलरच्या कोपऱ्यात ड्रेन होता आणि त्या बाजूचा ढाळ त्याच्यासाठीच. तो बुजवला तर ज्या दिवशी बॉयलर गळेल त्या दिवशी पाणी बाबांच्या पलंगाखाली. तो कोपरा आम्ही खडूनं आखून वगळला.

मोजतानाच कपाटाच्या तळाशी दोन जुन्या फरश्या दिसल्या. नऊ इंच चौरस, खाली काळा डिंक. इथं मात्र सगळं जागच्या जागी थांबवा. १९८० च्या आधीच्या घरांत अशा फरश्यांत आणि त्या काळ्या डिंकातही ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता बरीच असते. खरवडायचं नाही, घासायचं नाही, झाडूसुद्धा मारायचा नाही. नमुना प्रयोगशाळेत पाठवला. आठवडा गेला, पैसेही फार लागले नाहीत. यांचं नशीब, रिपोर्ट निर्धोक आला. तसा आला नसता तर ते काम परवानाधारक माणसांचं, आपलं नव्हे. बाबांच्या खोलीसाठी सगळी धडपड चाललेली आणि त्यापायी घरातल्या दोन लहान मुलांच्या फुफ्फुसात ते तंतू जायचे, हा हिशेब मला पटणारा नाही.

त्याच आठवड्यात कोब्यावर अठरा इंचाचा जाड प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपनं चिकटवून ठेवला. एक दिवसानं उघडला तर आतून कोरडा आणि खालच्या कोब्याचा रंगही बदललेला नाही. ही आजीबाईची परीक्षा. ओल आहे एवढं ती सांगते, किती आहे ते सांगत नाही. जुन्या घरांत कोब्याखाली प्लॅस्टिकचा पडदा बहुधा नसतोच. शंका वाटली तर कोब्याला भोक पाडून आतली आर्द्रता मोजणारी रीतसर चाचणी करून घ्या, कारण लेव्हलर ओल थांबवत नाही. ओल असेल तर आधी दोन भागांचं इपॉक्सी लावावं लागतं, आणि मग त्या गुळगुळीत इपॉक्सीला चालणारा प्रायमर निराळा.

दुसऱ्या शनिवारी घासकाम. कार्पेटचा पिवळा गोंद, कडेचे रंगाचे शिंतोडे, एका जागी मेणासारखं काहीतरी, हे सगळं लांब दांड्याच्या खरवडणीनं काढलं. गृहस्थ म्हणाले, "आता स्वच्छ दिसतंय." मी खिशातली किल्ली काढून कोब्यावर ओढली. पांढरी रेघ उठली आणि पीठ निघालं. दुधावर साय धरते तशी कोबा ओतताना त्याच्यावरही एक साय येते. पाण्याबरोबर वर आलेलं बारीक सिमेंट, कस नसलेलं. दिसायला गुळगुळीत, पण खालच्या कोब्याला तिची पकड नसते. १९९७ च्या माझ्या खापरीमागे होती ती हीच साय.

ती घासूनच काढावी लागते. आपल्याकडे प्लास्टर करण्याआधी काँक्रीटला टाचे मारतात त्याचंच हे नाजूक रूप. भाड्यानं ग्राइंडर मिळतो, खाली डायमंडचा कप आणि वर धूळ ओढणारं झाकण. किती खडबडीत करायचं याचे आय.सी.आर.आय. या संस्थेचे रबरी नमुने असतात, एक ते दहा. आपल्या कामाला दोन-तीन नंबर पुरतो. हाताला खरखरीत पॉलिश पेपरसारखं लागलं पाहिजे. ॲसिड ओतून काम भागतं असं सांगणारे भेटतील. मोरी धुवायचं ॲसिड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं, त्यामुळे मोह होतो. पण त्याचे क्षार कोब्यात राहतात, आणि ते पुरते धुऊन काढायचे म्हणजे खोलीत पुन्हा पाण्याचा पूर. बहुतेक कंपन्या ॲसिडला स्पष्ट नाही म्हणतात.

घासताना उडणारी धूळ साधी समजू नका. तिच्यात सिलिका असते. ती फुफ्फुसात एकदा बसली की उठत नाही. २०१६ साली अमेरिकेच्या ओशा खात्यानं कामगारांसाठी हवेतल्या सिलिकेची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमवर आणली. घरमालकाला हा कायदा लागू नाही, पण फुफ्फुसं तीच. झाकणाला हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम जोडला, तोंडाला पी-१०० चा मास्क, घराचं हीटिंग बंद, त्याच्या जाळ्यांवर प्लॅस्टिक. वहिनींना आणि मुलांना दिवसभर मावशीकडे पाठवलं. तोंडाला नुसता रुमाल बांधून हे काम करणारे मी पाहिले आहेत. करू नका.

मग भेगा. केसासारखी, वर्षानुवर्षं न हललेली भेग असली तर ती मोकळी करून भरून टाकायची. पण कोबा ओततानाच मुद्दाम ठेवलेला सांधा, किंवा जिच्या दोन बाजू खालीवर झाल्या आहेत अशी भेग, ही हलती. तिच्यावरून लेव्हलर सरळ ओतला तर भेग पुढच्या हिवाळ्यात वर उमटणारच. यांच्या खोलीत सांधा एकच होता. तो नंतर लेव्हलरमध्येही कापून वर आणला.

यानंतर व्हॅक्यूम. एकदा नव्हे, तीनदा. आडवा, उभा आणि मग कडांनी. काळा मोजा घालून जमिनीवर पाय घासा. मोजा पांढरा झाला तर चौथ्यांदा. झाडूनं धूळ जात नाही, फक्त जागा बदलते.

आता पाण्याच्या थेंबाची परीक्षा. खोलीत आठ-दहा ठिकाणी एकेक थेंब टाका आणि घड्याळ पाहा. मिनिटाच्या आत जिरला तर कोबा पाणी पिणारा, साध्या ॲक्रिलिक प्रायमरला योग्य. मोत्यासारखा उभाच राहिला तर तिथं अजून मेण, तेल किंवा जुना लेप आहे. पुन्हा घासा, किंवा गुळगुळीत जमिनीसाठीचा वाळूमिश्रित प्रायमर आणा. यांच्याकडे नऊ थेंब पंधरा सेकंदांत गेले. दहावा खिडकीखाली बसून राहिला, तिथं कुणीतरी पूर्वी तेलाचा डबा सांडला असावा. तेवढा तुकडा पुन्हा खोलवर घासला.

प्रायमर लेव्हलरच्या कंपनीचाच घ्या आणि कॅनवरचं वाचा. काहींत पहिल्या हाताला एकास तीन पाणी घालायचं असतं, काहींत थेंबभरही नाही. फेव्हिकॉलच्या जातीचा पांढरा गोंद पाण्यात कालवून चालेल का, असं हमखास कुणीतरी विचारतं. चालणार नाही. तो वाळल्यावर पाणी लागलं की पुन्हा मऊ होतो, आणि आपण तर त्याच्यावर ओला लेव्हलरच ओतणार. लावायला मऊ केसांचा लांब दांड्याचा ब्रश उत्तम. तो प्रायमर भोकांत रगडतो. रोलर वरवर फिरतो. खळग्यांत डबकी साचू देऊ नका, कारण साचलेला प्रायमर जाड कातडीसारखा वाळतो आणि तिथं पुन्हा सुटायची भीती. आमच्या कोब्यानं पहिला हात पाहता पाहता पिऊन टाकला. तो वाळल्यावर दुसरा हात, दाट. दुधी रंग जाऊन काचेसारखा पापुद्रा दिसला आणि बोटाला काही लागेना, म्हणजे वाळला. एरवी एक ते तीन तास, थंड खोलीत जास्त. साधारण चोवीस तासांच्या आत ओतायचं. नाहीतर त्याच्यावर नवी धूळ बसते आणि पुन्हा हात द्यावा लागतो. मधल्या वेळात आत कुणी बुटांनी जायचं नाही. घरच्या कुत्र्याला हे कोण समजावणार, म्हणून दाराला आडवी फळी लावली.

प्रायमर वाळेपर्यंत बांधबंदिस्ती. लेव्हलर पाण्यासारखा वाट शोधतो. भिंतीच्या कडेनं फोमची पट्टी, दाराला लाकडी पट्टी आणि तिच्या फटीत कॉल्क, ड्रेनभोवती पक्का बांध. माझ्या ओळखीत एकाच्या लेव्हलरच्या दोन बॅगा ड्रेनच्या पाइपात जाऊन बसल्या. त्या काढायला आलेल्या प्लंबरचं बिल सबंध जमिनीपेक्षा जास्त झालं.

आणि बॅगांचा हिशेब. खोली बारा बाय पंधरा, ड्रेनचा कोपरा अगदी लहान, म्हणून १८० चौरस फूट धरले. सरासरी जाडी तीन-अष्टमांश इंच, म्हणजे साडेपाच घनफुटांच्या थोडं वर. पन्नास पौंडांच्या एका बॅगेतून निघतं सुमारे अर्धा घनफूट. म्हणजे बारा बॅगा. दहा आणलेल्या! अर्ध्या खोलीत माल संपला तर दुकानातून परत येईपर्यंत पहिला भाग घट्ट झालेला असतो. आम्ही चौदा ठेवल्या, न फोडलेल्या दुकानानं परत घेतल्या.

प्रत्यक्ष ओतणं पाऊण तासाचं. खोली पन्नास अंश फॅरनहाइटच्या वर, पंखे आणि खिडक्या बंद. दोघं कालवणारे, एक ओतणारा. आपल्या सवयीच्या उलट, बादलीत आधी पाणी आणि मग पावडर. पाणी मोजून, आमच्या बॅगेला पाच क्वार्ट. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी वाढवावं तसं इथं करायचं नाही. जादा पाण्यानं वर पुन्हा तीच सायीची भुकटी येते. पहिल्या बादलीची कड ओली असतानाच दुसरी ओतली. वहिनी हातात घड्याळ घेऊन दारात उभ्या, "दहा मिनिटं झाली, पुढची आणा" असं पुकारत. त्यांच्याइतकं शांत तिथं कुणी नव्हतं.

आठवड्यानं मी हातोडी घेऊन गेलो. माठ घेताना वाजवून पाहतो तशी फूटफूट अंतरावर जमीन वाजवली. सगळीकडे भरीव टण् असा आवाज, फक्त दारामागे बशीएवढ्या जागेत पोकळ. गृहस्थांचा चेहरा पडला. तेवढा तुकडा छिन्नीनं काढला. उलटा केला तर पाठीला करडी भुकटी; प्रायमर लावताना दार आत उघडं होतं आणि त्याच्या मागची जागा राहून गेलेली. कडा सरळ कापल्या, घासलं, व्हॅक्यूम केलं, प्रायमरचे दोन हात, आणि उरलेल्या बॅगेतलं चार वाट्या मिश्रण. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवलं. भरीव.

फ्लोअरिंग पुढच्या शनिवारी टाकतील. बाबांचं विमान त्यानंतर बारा दिवसांनी नेवार्कला उतरतंय. बाथरूमच्या उंबऱ्याला अजून पाऊण इंचाची पायरी आहे. ती उतरवायची की तिथं चढण करायची हे पुढच्या अंकात. तोवर तुमचे प्रश्न संपादकांकडे पाठवा. पत्र पाठवलंत तर खोलीची मापं आणि घराचं साल लिहायला विसरू नका.